धमकी आणि भीड

‘हा दस्त मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून दिला आहे.’ महाराष्ट्रात दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्या जाणाऱ्या खरेदीखताच्या, बक्षीसपत्राच्या किंवा हक्कसोडपत्राच्या शेवटी या धाटणीचे वाक्य हमखास असते. दस्त लिहिणाऱ्याच्या संगणकात ते आधीच तयार असते, फक्त नावे बदलतात. लिहून देणाऱ्याने ते वाचलेले असतेच असे नाही. पण पुढे वाद कोर्टात गेला की समोरचा वकील पहिले बोट याच वाक्यावर ठेवतो: ‘बाई, ही सही तुमचीच ना?’

सही तिचीच असते. प्रश्न वेगळा असतो. सही करणारा हात तिचा होता, पण सहीमागची इच्छा कोणाची होती? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्या कायद्याने दोन शब्द दिले आहेत. १८७२च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम १४ मध्ये मुक्त संमतीची व्याख्या आहे आणि ती संमती कशाकशाने डागाळते ते तिथे सांगितले आहे. त्यातले पहिले दोन शब्द कोअर्शन आणि अनड्यू इन्फ्लुअन्स. दोन्हींत एक माणूस दुसऱ्याच्या मनावर जोर चालवतो, त्यामुळे ते जुळ्या भावंडांसारखे दिसतात. मराठीत आपण दोन्हींसाठी ‘दबाव टाकला’ म्हणतो आणि मोकळे होतो. पहिला म्हणजे जबरदस्ती, धमकी. दुसऱ्यासाठी मराठी कायदेग्रंथांतून गैरवाजवी प्रभाव, अवाजवी दडपण असे शब्द वापरले जातात. पण आपल्या घरांत तो ज्या रूपाने वावरतो, त्याचे खरे नाव भीड आहे असे मला वाटते. हे पुस्तक या दोहोंतला फरक सांगण्यासाठी लिहिले आहे.

फरक कळून काय मिळणार, असे कोणी विचारील. दावा मिळू शकतो किंवा जाऊ शकतो. ‘प्रतिवादीने दबाव टाकून, जबरदस्तीने, फसवून व भुलवून सही घेतली’ असे एका दमात लिहिलेले अर्ज आजही दाखल होतात. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्येच, बिशुनदेव नारायण विरुद्ध सेवगेनी राय या निकालात, या सवयीला स्पष्ट उत्तर दिले होते. गैरवाजवी प्रभाव आणि जबरदस्ती काही प्रकरणांत एकमेकांत थोड्या मिसळतील, पण कायद्यात त्या वेगळ्या आणि वेगळ्या करता येण्याजोग्या गोष्टी आहेत. त्या वेगवेगळ्याच मांडल्या पाहिजेत आणि प्रत्येकीचा पूर्ण तपशील दिला पाहिजे, असे त्या निकालाचे सांगणे आहे. कोणी, केव्हा, कुठे, काय म्हणून धमकावले, किंवा नाते कोणते होते आणि त्याचा वापर कसा झाला, हे लिहावे लागते. मोघम आरोपावर न्यायालय पुढे जात नाही. ज्या बाईवर खरोखर अन्याय झाला, तिचा दावा केवळ शब्दांच्या सरमिसळीमुळे लंगडा पडावा, याचे मला फार वाईट वाटते.

मुळात शब्द दोन का झाले, याची गोष्ट इंग्लंडमधली आहे. तिथे शतकानुशतके दोन प्रकारची न्यायालये शेजारीशेजारी चालत होती. कॉमन लॉची न्यायालये करडी होती. जिवाची, मारहाणीची, कोंडून ठेवण्याची धमकी असेल तरच ती करार मोडत. त्याला ते ड्युरेस म्हणत, आणि त्याची व्याख्या फार अरुंद होती. ज्याला कोणी हात लावला नाही, धमकावले नाही, पण धर्मगुरूच्या, वकिलाच्या किंवा वडिलांच्या शब्दाखाली ज्याने सर्वस्व लिहून दिले, त्याला तिथे दाद नव्हती. तो चान्सेलरच्या न्यायालयात जाई. तिथले न्यायाधीश सदसद्विवेकाच्या भाषेत विचार करत. मिळालेला लाभ विश्वासाचा गैरवापर करून मिळाला आहे का, हे ते पाहत. अनड्यू इन्फ्लुअन्स हा त्या न्यायालयाचा शब्द. १८७३ ते १८७५च्या कायद्यांनी तिथली ही दोन न्यायालये एकत्र आली. आपल्याकडे त्याआधीच, १८७२ मध्ये, दोन्ही कल्पना एका अधिनियमात लागोपाठच्या कलमांत बसल्या होत्या. शिवाय आपल्या कायद्याने ड्युरेस हा शब्द सोडून कोअर्शन घेतला आणि त्याचा आवाका मुद्दाम वाढवला.

तो आवाका कलम १५ मध्ये आहे. भारतीय दंड संहितेने मनाई केलेले कृत्य करणे किंवा करण्याची धमकी देणे, अथवा कोणाची मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणे किंवा तशी धमकी देणे, आणि हे सारे कोणाला तरी करार करायला लावण्याच्या हेतूने करणे, म्हणजे जबरदस्ती. यात नात्याचा कुठे उल्लेख नाही, हे ध्यानात घ्यावे. धमकी देणारा अनोळखी असू शकतो, ज्याच्या जिवावर धमकी आहे तो सही करणाऱ्याचा मुलगा असू शकतो, आणि लाभ घेणारा तिसराच असू शकतो. कायदा फक्त कृत्याकडे पाहतो. ते कृत्य मना केलेले होते का? ते सही घेण्यासाठी केले होते का?

१८८९चे मद्रासचे एक प्रकरण विद्यार्थ्यांना शिकवतात. तेरा वर्षांची मुलगी विधवा झाली. नवऱ्याचे प्रेत घरात, आणि नातेवाईक दारात उभे. एका मुलाला दत्तक घेतल्याशिवाय प्रेत उचलू देणार नाही, असा त्यांचा हट्ट. तिने दत्तक घेतला. प्रेताच्या अंत्यविधीला अडथळा आणणे हा दंड संहितेखाली गुन्हा होता. तिची संमती मुक्त नव्हती, असे उच्च न्यायालयाने म्हटले आणि ते दत्तक तिच्यावर बंधनकारक ठरले नाही. तेरा वर्षांच्या मुलीने प्रेताशेजारी बसून कसली संमती दिली असेल, हे सांगायला खरे तर कायद्याची गरज पडू नये. पण गरज पडते, आणि म्हणून व्याख्या लागते.

दुसरे प्रकरण याहून अवघड आणि आपल्या जास्त जवळचे आहे: चिक्कम अम्मिराजू विरुद्ध चिक्कम शेषम्मा, मद्रास, १९१७. नवऱ्याने बायकोला आणि मुलाला सांगितले की ज्या मिळकतीवर तुम्ही हक्क सांगता, ती माझ्या भावाच्या नावे सोडून द्या, नाहीतर मी आत्महत्या करतो. त्यांनी हक्क सोडल्याचा दस्त लिहून दिला. आता ही धमकी कलम १५ मध्ये बसते का? आत्महत्येचा प्रयत्न तेव्हा गुन्हा होता, पण आत्महत्या साधली तर शिक्षा देणार कोणाला? मुख्य न्यायाधीश वॉलिस आणि न्यायमूर्ती शेषगिरी अय्यर यांनी म्हटले की मेलेल्या माणसाला शिक्षा करता येत नाही, पण त्यामुळे ते कृत्य मना नाही असे होत नाही. म्हणून ही जबरदस्तीच. न्यायमूर्ती ओल्डफील्ड यांनी मतभेद नोंदवला. कलमाचा अर्थ काटेकोर लावावा, जे दंडनीय नाही ते मना केलेले म्हणता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

हा मतभेद शंभर वर्षे अभ्यासकांच्या टिपणांत राहिला. आता तो पुन्हा जिवंत झाला आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारे जुने कलम ३०९ तिच्यात नाही. लोकसेवकाला त्याचे कायदेशीर काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा उरला. हा बदल माणुसकीचा आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. मनाने खचलेल्या माणसाला तुरुंग दाखवायचा नसतो. पण मग ‘सही कर, नाहीतर जीव देतो’ म्हणणाऱ्या नवऱ्याची धमकी आज मना केलेल्या कृत्यात मोडते का? बहुमताच्या निकालाचा पाया यामुळे कमकुवत झाला, हे मानावे लागेल. अशा बाईने यापुढे केवळ कलम १५ वर विसंबू नये. कलम १६ स्वतंत्रपणे मांडावे. धमकीच्या शब्दांपेक्षा, तो शब्द कोणाच्या तोंडून आला यात तिचे खरे बळ आहे.

कलम १६ म्हणजे अनड्यू इन्फ्लुअन्स. इथे कायदा कृत्याकडून नात्याकडे वळतो. दोन पक्षांचे संबंध असे असले पाहिजेत की एक जण दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवू शकेल, आणि त्या स्थितीचा त्याने गैरफायदा घेतलेला असला पाहिजे. ज्याच्या हाती खरी किंवा दिसायला तरी सत्ता आहे, ज्याच्यावर दुसऱ्याने विश्वास टाकला आहे, किंवा समोरच्याचे मन वयामुळे, आजारामुळे, शारीरिक वा मानसिक त्रासामुळे दुबळे झाले आहे, तो अशा वर्चस्वाच्या जागी आहे असे कायदा धरून चालतो. गुन्हा घडायला नको. आवाज चढायला नको. कित्येकदा तर लिहून देणाऱ्यालाही आपल्यावर काही लादले गेले असे त्या क्षणी वाटत नाही. म्हणूनच हा प्रकार ओळखायला अवघड आहे.

कलमाखाली दिलेली उदाहरणे वाचण्यासारखी आहेत. वडिलांनी मुलाच्या अज्ञानपणी त्याला पैसे दिले, आणि तो सज्ञान होताच आपल्या पितृत्वाच्या वजनाने त्याच्याकडून जास्त रकमेचा रोखा लिहून घेतला. आजाराने खंगलेल्या म्हाताऱ्याने, त्याच्यावर उपचार करणाऱ्याच्या शब्दाखातर, अवास्तव मोबदला कबूल केला. आणि तिसरे: गावच्या सावकाराच्या आधीच कर्जात असलेल्या माणसाने त्याच्याकडूनच नवे कर्ज घेतले, अटी उघडउघड जाचक. इथे कायदा सिद्ध करण्याचे ओझे फिरवतो. मी प्रभाव वापरला नाही, हे सावकाराने दाखवायचे. जबरदस्तीत असे होत नाही. तिथे धमकी झाली म्हणणाऱ्यानेच ती सिद्ध करायची.

हे सावकाराचे उदाहरण वाचताना मराठी वाचकाला थांबावेच लागते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि उठाव अहमदनगरकडे पसरला. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. जमावाला माणसे नको होती, कागद हवे होते. कर्जरोखे आणि हुकूमनामे मिळतील तिथे जाळले गेले. त्या रोख्यांवरचे अंगठे खरे होते, त्या अर्थाने ‘राजीखुशीचे’ होते. दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साह्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपासून त्याची सुरुवात झाली. त्याने न्यायाधीशाला एक विलक्षण काम दिले: रोख्यावर लिहिलेल्या आकड्यावर न थांबता व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास खणून काढायचा. मूळ मुद्दल किती, व्याजाचे मुद्दल कधी झाले, रोखा कितीदा बदलला. शिवाय शेतकऱ्याचे दस्त ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावेत अशी सोय केली. कागदामागच्या नात्याकडे पाहा, हा विचार आपल्या चार जिल्ह्यांच्या मातीत असा रुजला.

त्यानंतर वीस वर्षांनी, १८९९ च्या दुरुस्तीने, करार अधिनियमाचे कलम १६ नव्याने लिहिले गेले आणि कलम १९-अ घातले गेले. त्याखालचे एक उदाहरण असे: सावकाराने शेतकऱ्याला शंभर रुपये दिले आणि गैरवाजवी प्रभावाने दोनशेचा रोखा लिहून घेतला, व्याज दरमहा सहा टक्के. न्यायालय रोखा रद्द करू शकते, पण शेतकऱ्याने शंभर रुपये योग्य वाटेल त्या व्याजासह परत द्यावेत असेही सांगू शकते. ही तडजोडीची मोकळीक कलम १९-अ मध्ये शब्दांत लिहिलेली आहे. मला ती फार शहाणपणाची वाटते. नात्यातून झालेला अन्याय निस्तरताना दोन्ही हातांचा हिशेब करावा लागतो.

पण गरजू माणसाला महाग कर्ज मिळाले म्हणजे प्रभाव झाला, असे नाही. कलम १६चेच चौथे उदाहरण आहे: पैशाची टंचाई असताना बँकवाला नेहमीपेक्षा चढ्या दरानेच कर्ज देतो, कर्जदार ते घेतो, हा धंद्याचा सरळ व्यवहार आहे. रघुनाथ प्रसाद विरुद्ध सरजू प्रसाद या १९२४च्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालात तर हे फार कठोरपणे दिसते. घरच्या मिळकतीच्या भांडणात वडिलांनी फौजदारी केली. ती लढायला सुमारे दहा हजार रुपये गहाणावर उचलले गेले, चोवीस टक्के चक्रवाढीने. अकराएक वर्षांत रक्कम अकरा पटींहून जास्त फुगली. तरी निकाल कर्जदाराच्या विरुद्ध गेला. आधी वर्चस्वाचे नाते सिद्ध करा. मग प्रभाव वापरला गेला का ते पाहू. ओझे फिरवण्याचा प्रश्न त्यानंतरचा, असा क्रम तिथे घालून दिला. निकड म्हणजे वर्चस्व नव्हे. निकाल कडवट आहे, पण क्रम बरोबर आहे. तो नसता तर प्रत्येक महाग सौदा कोर्टात आला असता.

तसेच जवळचे नाते असले म्हणजे आपोआप प्रभाव असतो, असेही नाही. आजोबांनी नातवाला बक्षीस दिले म्हणून संशय घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सुभाषचंद्र दास मुशिब प्रकरणात सांगितले. नाते ही फक्त जागा आहे. त्या जागेचा वापर झाला, हे दाखवावे लागते.

आणि आता आपल्या घरांकडे येतो, कारण हे पुस्तक त्यांच्यासाठीच लिहिले आहे. वडील जातात. सातबाऱ्यावर वारसनोंद होते; मुलांबरोबर मुलींचीही नावे लागतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. २०२०च्या विनीता शर्मा निकालाने त्यावरच्या शंका मिटल्या. नोंद झाली की काही दिवसांत निरोप येतो: ताई, एकदा तालुक्याला येऊन जा, सही लागते. गाडी घ्यायला येते. वहिनीने जेवण करून ठेवलेले असते, साडीही काढून ठेवलेली असते. कार्यालयात हक्कसोडपत्र तयार असते. फोटो निघतो, बोटांचे ठसे घेतले जातात, ओळख पटवणारे दोघे हजर असतात. अधिकारी विचारतो, दस्त कबूल आहे का? ती हो म्हणते. का कबूल आहे, हे विचारणे त्याच्या कामात येत नाही.

इथे कोणी धमकी दिली? कोणीच नाही. कलम १५ इथे पाऊल टाकू शकत नाही. पण तिच्या मनात काय चालले आहे, हे महाराष्ट्रातली कुठलीही बहीण सांगेल. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल. आईचे शेवटचे दिवस भावाकडे जाणार आहेत. भाऊबीजेला कोणत्या तोंडाने यायचे? यातल्या काही बहिणी खरोखर मनापासून सोडतात, आणि त्यांच्या मोठेपणाला माझा नमस्कार. पण भिडेपोटी दिलेली संमती आणि मनापासून दिलेली संमती यांत फरक आहे. तो फरक पाहण्याची खिडकी कलम १६ मध्ये आहे, आणि ती फार कमी वेळा उघडली जाते, कारण वकिलाला सांगताना बाई म्हणते, ‘जबरदस्ती तर कोणी केली नाही हो.’ तिला दुसरा शब्द कोणी शिकवलेलाच नसतो.

वृद्धांच्या बाबतीत विधिमंडळाने एक पाऊल पुढे टाकले आहे. २००७च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळाच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण कपटाने, जबरदस्तीने किंवा गैरवाजवी प्रभावाने झाले असे मानले जाते आणि न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते. महाराष्ट्रात हे न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्याकडे आहे. अट असल्याचे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले; २०२५च्या सुरुवातीला उर्मिला दीक्षित प्रकरणात कायद्याच्या हेतूकडे पाहून त्याचा उदार अर्थ लावला. तरी शहाणपण यातच आहे की बक्षीसपत्रातच अट स्पष्ट लिहून घ्यावी. अशी सोय बहिणींसाठी नाही. त्यांना कलम १६ आणि दिवाणी न्यायालय एवढेच आहे.

मग त्या सहीला खरेपण कशाने येते? जुन्या निकालांत पडदानशीन आणि निरक्षर स्त्रियांबद्दल एक कसोटी पुन्हापुन्हा येते: दस्त तिला वाचून दाखवला एवढे पुरत नाही, तिला तो समजला होता आणि स्वतंत्र सल्ला मिळण्याची संधी होती का? इंग्लंडमधले ऑलकार्ड विरुद्ध स्किनर हे १८८७चे प्रकरण याच जागी आहे. एका धार्मिक भगिनीसंघात गेलेल्या बाईने आपली संपत्ती संघाच्या प्रमुखेला दिली. संघाचा नियम होता की प्रमुखेच्या परवानगीशिवाय बाहेरच्या कोणाचा सल्ला घ्यायचा नाही. धमकी नव्हती, फसवणूक नव्हती. तरी अशा बंद दारामागे दिलेले दान टिकणारे नाही, असे अपील न्यायालयाने मानले. आणि तरीही ती बाई हरली. संघ तिने १८७९ मध्ये सोडला होता आणि दावा १८८५ मध्ये लावला. इतकी वर्षे गप्प बसणे म्हणजे मान्य करणे, असे बहुमत पडले.

आपल्याकडे दस्त रद्द करून मागण्याची मुदत तीन वर्षे आहे. तो रद्द करण्याजोगा आहे हे ज्या गोष्टींवरून ठरते, त्या पहिल्यांदा कळल्या तेव्हापासून ती मोजली जाते. भिडेपोटी सही करणारी बाई भिडेपोटीच कोर्टात उशिरा येते, आणि कायदा तिची भीड मुदतीत मोजत नाही.

म्हणून वाचकाला, विशेषतः वाचक भगिनींना, कळकळीची विनंती आहे. हक्कसोडपत्र असो की बक्षीसपत्र, मसुदा आधी मागा आणि घरी आणा. ज्याला लाभ होणार आहे त्याच्या वकिलाकडे नव्हे, स्वतःच्या वकिलाकडे दाखवा, आणि सही त्याच दिवशी करू नका. सही झालेली असेल आणि मनात सल असेल, तर त्या दिवशी गाडी कोणाची होती, मसुदा कोणी केला, वाचून कोणी दाखवला, मोबदला मिळाला की नाही, हे तारखांसह कागदावर उतरवा. वकिलाला ‘दबाव होता’ एवढेच सांगून थांबू नका. धमकी होती की भीड होती, ते सांगा, आणि तीन वर्षांच्या आत सांगा.